चिंचेच्या पुढं मोकळं होतं

तुम्ही खोटं लिहिलंत. चौकशी अहवालाच्या दुसऱ्या पानावर, शर्यतीचे आयोजक म्हणून केलेल्या तुमच्या सहीच्या बरोबर वर: 'स्पर्धकाची एकाग्रता ढळल्यामुळे अपघात घडला.' नऊ वर्षं झाली. घड्या घालून घालून ते पान मधोमध फाटलंय, पण ओळ अजून वाचता येते.

शाहीन मुजावरची एकाग्रता ढळली नव्हती. त्या दिवशी त्या डोंगरावर एकाग्र होती ती एकटी तीच. म्हणून तर झालं.

एकाग्रता म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही तो शब्द वापरलाच नसता. म्हणून शनिवारपासून सांगते.

डोंगरउताराच्या सायकल शर्यतीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, आम्ही शाहीनच्या अब्बांच्या सायकल दुकानात बसलो होतो. ती टायरच्या चळतीवर, मी उपड्या बादलीवर. तिच्या हातात एक सुटा हँडल होता, कुठल्या तरी मोडीत काढलेल्या सायकलचा. डोळे मिटलेले. समोर केतकी बर्वे मॅडम स्टॉपवॉच घेऊन उभ्या. मॅडम पुण्याहून यायच्या. खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, "पाय तुमचे तयार आहेत. आता डोकं तयार करू."

"लावू?"

"थांबा जरा." शाहीननं खांदे सैल सोडले, दोनदा श्वास घेतला. "हां. निघाले."

घड्याळ सुरू झालं. शाहीन जागेवरच बसून डोंगर उतरायला लागली. खरंच सांगते, बघताना अंगावर काटा यायचा. हँडल हातात वळायचा, कोपरं वर व्हायची, खडकाळ जागा आली की मान आत जायची. ओठ हलायचे. "चूल... जिना... म्हशीची पाठ..." ही आम्हीच ठेवलेली नावं. तीन धोंडे एकत्र होते ती चूल. कातळाच्या पायऱ्या होत्या तो जिना.

"चिंच," शाहीन म्हणाली आणि श्वास सोडत म्हणाली, "सोड."

सोड हा तिचा शब्द होता. मॅडमनी सांगितलं होतं, जिथं सगळ्यात जास्त भीती वाटते तिथं स्वतःला सांगायला एकच शब्द ठेवा. चिंचेच्या झाडापुढं मातीचा उंचवटा होता. तिथून सायकल हवेत जायची. उंचवट्यापलीकडची जमीन वरून दिसत नाही, त्यामुळं हात आपोआप ब्रेक दाबतात. दाबला की उडी आखूड पडते आणि दोन सेकंद जातात. शाहीन तिथं ब्रेक सोडायची. सगळ्यांत फक्त तीच सोडायची.

"पोचले."

"तीन मिनिटं सोळा सेकंद," मॅडम म्हणाल्या. "आणि सकाळी खरी उतरलीस तेव्हा?"

"तीन सोळाच."

अब्बा पंक्चर काढत होते. ते म्हणाले, "बेस हाय. पोरगी दुकानात बसून डोंगर उतरती. ना टायर झिजत, ना गुडघं."

मग माझी पाळी. मी डोळे मिटले, हँडल धरला आणि उतरले. तीन मिनिटं एकेचाळीस. खऱ्या सरावात मी तीन चोवीसनं आले होते.

"कुठं अडकलीस, कमळ?"

"म्हशीच्या पाठीवर शेळी आडवी आली."

शाहीन टायरवरून पडायची बाकी राहिली हसून. "काल काय आलं होतं गं?"

"काल मामा आल्ता. सरपण घिऊन."

मॅडमनाही हसू आवरेना. "अगं, तुझ्या मनातली वाट कधी मोकळीच नसते."

"आमची वाट मोकळी नसतीच, मॅडम. न बघता उतरलं तर करडू चिरडंल."

"शर्यतीच्या मार्गावर करडं नसतात."

"मनाला कोण सांगणार?"

मी धनगरवाड्यातली. येडग्यांची. डोंगराच्या पाठीवर आमची अकरा घरं, शाळा खाली बाजारपेठेत. शाळेला जायला मिळालेली सायकल घेऊन मी सहा वर्षं तो उतार उतरले आणि रोज सायकल मोडून शाहीनच्या अब्बांकडं नेली. तिथंच आमची मैत्री झाली. पुढं आम्ही दोघी जिल्ह्यात पहिल्या दुसऱ्या यायला लागलो. कधी ती, कधी मी.

या शर्यतीतून मुलींच्या गटातली एकच राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. तिथलं प्रमाणपत्र असलं तर पोलीस भरतीत खेळाडू म्हणून जागा धरता येते असं आम्हाला सांगितलं होतं. ती जागा आम्हा दोघींनाही हवी होती. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तू जिंकलीस तर मी तुझी सायकल धुणार," शाहीन म्हणाली. "मी जिंकले तर तू माझी."

"आन् ती नाशिकवरनं आलेली पोरगी जिंकली तर?"

"तर दोघी मिळून तिची पंक्चर करू. अब्बा, मोठा खिळा ठेवा बाजूला."

जाताना मॅडमनी वह्या तपासल्या. रोज सरावानंतर मार्ग पायी चालायचा आणि जसा दिसला तसा वहीत काढायचा, असा त्यांचा नेम होता. माझ्या वहीत रेघोट्या होत्या. शाहीनच्या वहीत धोंडा न् धोंडा होता. शनिवारच्या पानावर शेवटी, तारीख घालून, तिनं लिहिलं होतं: 'चिंच. उंचवटा. पुढं मोकळं. सरळ.'

हे पान लक्षात ठेवा. तुमच्याकडं ते आलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही पाच जणी वर, सुरुवातीच्या रेषेपाशी. शर्यतीआधी तासभर मार्ग चालत बघायची मुभा असते. नियमच आहे तो, आणि नियम तुमचेच. आम्ही चुलीपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून तुमचा आवाज आला.

"सर्व स्पर्धकांनी वरच थांबावे. प्रमुख पाहुणे वेळेआधी येत आहेत. मार्ग कालचाच आहे. पाहणीची आवश्यकता नाही. मार्ग कालचाच आहे."

दोनदा म्हणालात.

मॅडम आमच्याबरोबर होत्या. सगळ्या वर परतलो आणि सुरुवातीचा झेंडा धरलेल्या माणसाकडं त्या गेल्या. "पाहणी नियमात आहे. अशी रद्द करता येत नाही."

"मॅडम, साहेबांनी माईकवर सांगितलं. आता मी हितनं काय करू?"

मी म्हणाले, "मी पळत जाऊन चिंचंपर्यंत बघून येऊ का?"

"काय बघणार हाईस, कमळे?" शाहीन म्हणाली. "शेळी?"

मॅडम परत आल्या. तोंडावर राग होता, पण आमच्यापुढं त्यांनी तो गिळला. आमचं मन त्या वेळी हलायला नको म्हणून. त्या म्हणाल्या, "कालचाच आहे म्हणतायत ना? मग काल जे पाहिलंत त्यावर पूर्ण विश्वास ठेवा."

हे वाक्य त्या आजही विसरलेल्या नाहीत. नंतर त्यांनी शिकवणंच सोडलं.

चिठ्ठ्या काढल्या. मी पहिली, नाशिकची दुसरी, शाहीन तिसरी. दोघींच्या मध्ये दोन मिनिटांचं अंतर. मी हेल्मेट चढवत होते तेव्हा शाहीन बाजूला दगडावर बसली होती, डोळे मिटून, हातात नसलेला हँडल धरून.

मी निघाले.

चूल चांगली गेली, जिना चांगला गेला. चिंच दिसली आणि माझ्या डोक्यात नेहमीचं आलं: पुढं कुणी असलं तर? बोटं ब्रेकवर गेली. चाक किंचाळलं. उंचवट्यावरून मी आखूड उडाले आणि खाली बघितलं.

समोर लोखंडी कठडे होते.

शनिवारी जिथं मोकळी जमीन होती तिथं मांडव आला होता. पाहुण्यांना उडी जवळून दिसावी म्हणून. मांडवात कुणाला लागू नये म्हणून पुढं कठड्यांची रांग लावली होती आणि मार्गाची फीत उजवीकडं वळवली होती, चांगली दहा-बारा फूट लांब. वरून यातलं काहीच दिसत नव्हतं. माझी उडी आखूड पडली म्हणून मला वळायला जागा मिळाली. पायडल कठड्याला घासलं, ठिणगी उडाली, आणि मी कशीबशी उजवीकडून रेषेपर्यंत पोचले.

सायकल टाकून मी माने सरांकडं पळाले. माने सर शाळेतले खेळाचे शिक्षक, त्या दिवशी शेवटच्या रेषेवर होते. कमरेला वॉकीटॉकी होता.

"सर, उडीच्या खाली कठडं आल्यात. वर सांगा. शर्यत थांबवा."

"आगं, सकाळपास्नं हायती की ती."

"काल नव्हती. वर कुणालाच म्हाईत न्हाय. शाहीन ब्रेक मारत न्हाय तितं, सर."

त्यांचा चेहरा उतरला. हात वॉकीटॉकीवर गेला आणि तिथंच थांबला. "साहेबांना इचारतो. त्यांना इचारल्याबगर थांबवता येत न्हाय."

ते मांडवात गेले. तुम्ही पाहुण्यांना हार घालायला उभे होता. माने सर कानाशी वाकले. तुम्ही मान हलवलीत, हातानं 'हो हो' केलंत. काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. माने सर परत आले.

"सांगतो म्हणाले."

"कोण सांगतो?"

"साहेब. वर सांगतो म्हणाले."

त्या वेळी मी फळ्याकडं बघितलं. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: येडगे कमळ, तीन चोवीस. पुढं एकचा आकडा.

नाशिकची मुलगी आली. ती बिचारी प्रत्येक ठिकाणी ब्रेक मारणारी. चिंचेपाशी जवळजवळ थांबलीच, पाय घासत उजवीकडं वळली आणि रेषा ओलांडून माने सरांवर ओरडली, "हे कोणी लावलं मध्येच? मरायला पाठवता का आम्हाला?" माने सरांनी मांडवाकडं बघितलं. तुम्ही बसला होता. पाहुण्यांना बोटानं उंचवटा दाखवत होता. फळ्यावर तिची वेळ लागली, तीन पन्नास. माझा एक तसाच राहिला.

आणि मग शाहीन आली.

आधी चिंचेमागं धूळ दिसली. त्या वळणावर सगळ्यांच्या चाकांचा आवाज येतो, ब्रेकचा. मी कान देऊन होते. आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही. ती चिंचेच्या सावलीतून बाहेर आली ती सरळ हवेत. तेवढी सुंदर उडी मी आजपर्यंत बघितलेली नाही. कोपरं वर, मान पुढं, चाकं एका रेषेत. दुकानात टायरच्या चळतीवर बसून ती शेकडो वेळा जिथं उतरली होती, बोटभरही इकडं तिकडं न होता ती तिथंच उतरली.

तिथं लोखंड होतं.

देवळातली घंटा कुणीतरी धोंड्यानं वाजवावी तसा आवाज झाला. मांडवातल्या खुर्च्या सरकल्या. एक बाई "अगंबाई" म्हणाली. सायकल उलटी पडली होती आणि पुढचं चाक फिरत होतं. मी त्या चाकाकडंच बघत राहिले. ते थांबेपर्यंत माझा पाय हलला नाही. फळ्यावरचा माणूस खडू धरून उभा होता, काय लिहायचं ते त्याला कळत नव्हतं.

तुम्ही माईक उचललात. "कृपया गर्दी करू नये. कार्यक्रम थोड्याच वेळात पुढे सुरू राहील."

दवाखान्याची गाडी आत घ्यायला दोघांनी कठडे ओढून बाजूला केले, नंतर उचलून पार रस्त्यापलीकडं नेले. म्हणून दुपारी पंचनाम्याला माणसं आली तेव्हा जमीन शनिवारसारखी मोकळी होती. तुमच्या अहवालात ते बरोबर आलं: 'मार्गावर कोणताही अडथळा आढळून आला नाही.'

गाडीत शाहीननं डोळे उघडले. हलू शकत नव्हती. म्हणाली, "कमळे, मी बरोबर आले होते ना गं? रेघ बरोबर होती ना?"

"होती."

"मग खाली काय होतं?"



कमरेखाली तिला आजही काही जाणवत नाही. तिच्या अब्बांनी वही तुमच्या कार्यालयात दिली. शनिवारचं पान, तारखेसकट. वही परत आली, सोबत तुमचं उत्तर की, स्पर्धकाने मनाने काढलेले चित्र पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. मॅडमनी लेखी जबाब दिला, तर तुमच्या माणसानं विचारलं, "डोळे मिटून सायकल चालवायला तुम्हीच शिकवलं ना?" नाशिकच्या मुलीला कुणी बोलावलंच नाही. माने सर म्हणाले, "मी साहेबांना सांगितलं होतं," आणि सही करायच्या वेळी आजारी पडले.

मी राष्ट्रीय स्पर्धेला गेले. मुलींची शर्यत पुन्हा झालीच नाही, फळ्यावर एक माझ्या नावापुढं होता, तोच धरला. अकरावी आले. तिथल्या प्रत्येक उडीवर बोटं ब्रेकवर होती. भरतीला गेलेच नाही. आता त्याच शाळेत मुलांना खेळ शिकवते.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आता जे ठाऊक नाही ते.

गेल्या महिन्यात मी दुकानात गेले. अब्बांचे हात आता थरथरतात, दुकान शाहीनच चालवते. चाकांच्या खुर्चीत बसून ती एका रिमचा आउट काढत होती. चाक फिरवायचं, वाकडं कुठं ते बघायचं, तार आवळायची. मी उपड्या बादलीवर बसले.

"शाहीन, नाशिकवाली आली आन् तू आलीस, त्यात सव्वा मिनिट व्हतं."

"मग?"

"रेषेपास्नं चिंच दीडशे पावलं. मी शेळ्यांमागं पळणारी."

ती चाक फिरवत राहिली. "पोचली असतीस?"

"व्हय."

"मग?"

"माने सर म्हणाले, साहेब सांगतो म्हणाले."

"ते न्हाय इचारत. तू का न्हाय पळालीस?"

नऊ वर्षं जे तोंडात धरलं होतं ते बाहेर आलं. "फळ्यावर माझं नाव पयलं व्हतं. मला वाटलं, तुला कठडं दिसतील, तू ब्रेक मारशील. दोन सेकंद जातील. नऊ जातील. मी जिंकेन."

शाहीननं बोट लावून चाक थांबवलं. रडली नाही, ओरडलीही नाही.

"मी चिंचंला कधी ब्रेक मारलाय, कमळे?"

तिनं माझ्या खालच्या बादलीकडं बोट दाखवलं.

"सा महिनं ह्याच बादलीवर बसून ऐकत व्हतीस तू. मी काय म्हणायची तितं?"

"सोड."

"मग तुला कसं वाटलं, मी मारीन?"

मला तसं वाटलंच नव्हतं. ती ब्रेक मारणार नाही, हे त्या डोंगरावर माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. माने सरांना ते मीच सांगितलं होतं. आणि तरी मी फळ्याकडं बघत उभी राहिले.

"जा आता," शाहीन म्हणाली. "बोलवीन तेव्हा ये."

अठरा दिवसांनी अब्बांचा फोन आला. गेले, तर तिनं वही पुढं केली, ती शनिवारच्या पानाची.

"लिही," म्हणाली. "पयलं तुझं लिही, काय न लपवता. न्हायतर त्यांनी लिवलं तसंच व्हईल. मग त्यांना इचार."

मी निघताना ती टायरच्या चळतीकडं बघत होती. "अजून उतरते मी," म्हणाली. "झोप न्हाय आली की. तीन सोळाच येतंय. चिंचंच्या पुढं मोकळंच असतंय."

तर माझं लिहून झालं. सव्वा मिनिट माझं होतं. ते मी मागं घेत नाही, कमी करत नाही, कुणावर ढकलत नाही. शाळेतल्या नोकरीवर याचा काय परिणाम व्हायचा तो होऊ दे.

आता तुमची सकाळ. मांडव तुमच्या सांगण्यावरून उभा राहिला, माईक तुमच्या हातात होता. माने सर तुमच्याच कानाशी वाकले होते आणि वर कधीच कुणी काही सांगितलं नाही. 'चौकशी चालू आहे' नको. 'कागदपत्रे तपासून कळवू' नको. शाहीनची वही माझ्यासमोर उघडी आहे आणि शनिवारच्या पानाखाली एका ओळीची जागा मी मोकळी सोडलीय.

मार्ग कालचाच आहे, असं तुम्ही दोनदा म्हणालात. म्हणताना उडीच्या खाली कठडे लागलेत हे तुम्हाला माहीत होतं का? हो की नाही?